ही रेघ कोणी काढली?

टीवायबीएस्सीच्या प्रॅक्टिकलला हिमोग्लोबिन उघडून दाखवत होते. पडद्यावर चार साखळ्या, चार हीम आणि त्यांच्या आतून-बाहेरून जाणाऱ्या बारीक निळ्या रेघा. ‘हे हायड्रोजन बंध,’ मी सांगितलं आणि पुढे सरकले. मागच्या बाकावर धडगावकडची एक मुलगी बसते. एरवी बोलत नाही. तिनं विचारलं, ‘मॅडम, ही रेघ कोणी काढली?’

‘संगणकानं,’ मी म्हटलं. तास संपला, पण ते उत्तर घरी येईपर्यंत टोचत राहिलं. संगणक आपल्या मनानं काही काढत नाही. दोन अणू इतक्या अंतरावर आणि इतक्या कोनात आले की मध्ये रेघ ओढायची, असं कुणीतरी कधीतरी ठरवलेलं असतं. कोणी ठरवलं? किती अंतर? कशाच्या आधारावर? दहा वर्षं मी ही चित्रं वर्गात दाखवत आले होते आणि यातलं एकही मला सांगता आलं नसतं. त्या रात्री कायमेराची युजर गाइड उघडली आणि हायड्रोजन बंध शोधण्याच्या कमांडचं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. गाइड रोजच्या वापरातली होती. वाचली त्या रात्री पहिल्यांदा.

यूसीएसएफ कायमेरा ही रेणूंची त्रिमितीय रचना पडद्यावर दाखवणारी प्रणाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत ती घडली. त्याआधी तिथे ‘मिडास’ नावाची प्रणाली होती, तिच्या अनुभवावर ही उभी राहिली. एरिक पेटरसन, टॉम फेरिन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये तिच्यावर शोधनिबंध लिहिला. आता तिची जागा ‘कायमेराएक्स’नं घेतली आहे, पण आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या संगणकांवर अजून जुनीच चालते आणि माझा जीवही तिच्याच गाइडवर आहे. शिक्षणासाठी प्रणाली फुकट मिळते आणि तिच्याबरोबर अख्खी गाइडही संगणकावर उतरते. पावसाळ्यात आमच्याकडे नेट दोन-दोन दिवस नसतं, तेव्हाही गाइडचं पान उघडतं. ही पानं लिहिण्यात एलेन मेंग यांचा मोठा वाटा आहे, पण पानावर लेखकाचं नाव दिसत नाही. तळाशी प्रयोगशाळेचं नाव आणि महिना-वर्ष, एवढंच.

रसग्रहण कवितेचं करतात, कथेचं करतात. गाइडचं कशाला, असं कुणी विचारेल. मला त्या पानांत जे सापडलं ते सांगितल्याशिवाय याचं उत्तर देता येणार नाही.

तर ते हायड्रोजन बंधाचं पान. सुरुवातीलाच ते सांगतं की निकष मिल्स आणि डीन यांच्या १९९६च्या अभ्यासातून घेतले आहेत. या दोघांनी लहान रेणूंच्या स्फटिकांमधली हजारो अंतरं-कोन पाहून कोणत्या प्रकारचा दाता आणि कोणत्या प्रकारचा ग्राही कसे जवळ येतात, याची मापं बसवली. लहान रेणूंचे स्फटिक फार नेटके असतात, त्यांतल्या अणूंच्या जागा बारकाईनं कळतात. प्रथिनाच्या रचनेत तेवढी अचूकता नसते. म्हणून मूळ मापं जशीच्या तशी लावली तर खरे बंधसुद्धा गळतील. यावर उपाय म्हणून प्रणाली निकष थोडे सैल करते: अंतरात ०.४ अँगस्ट्रॉम, कोनात २० अंश. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग. त्याच्याही निम्म्याहून कमी अशी ही सूट, पण ती दिली आहे हे पान लपवत नाही. तुम्हाला नको असेल तर सूट काढून टाका. हवी असेल आणि कडक निकषात बसलेले बंध कुठले, सुटीवर आलेले कुठले हे पाहायचं असेल, तर दुसऱ्यांना वेगळा रंग द्या. तीही सोय आहे.

माझी आजी भाजीत मीठ ‘चवीपुरतं’ घालायची आणि आम्ही विचारलं की ‘अंदाजानं’ म्हणायची. तिच्या हाताला तो अंदाज होता. माझ्या हाताला तो कधी आला नाही, कारण तिनं चिमूट कधी मोजून दाखवली नाही. हे पान चिमूट मोजून दाखवतं. वर हेही सांगतं की चिमूट कुठून शिकलो, मूळ कृतीत किती होती आणि आपण किती वाढवली. पडद्यावरच्या निळ्या रेघेमागे इतकी माणसं आणि इतके निर्णय उभे आहेत, आणि गाइड त्यांतल्या प्रत्येकाची नोंद ठेवते. या पानांचा रस मला इथे सापडला. रेणूचं चित्र म्हणजे रेणू नव्हे, हे सगळेच म्हणतात. चित्रात रेणू कुठे संपला आणि माणसाचा निर्णय कुठून सुरू झाला, ती सीमा बोट ठेवून दाखवणारं लेखन दुर्मिळ.

या रेघांना गाइडनं दिलेलं नाव तर मला फारच आवडतं: ‘स्यूडोबाँड’. सहसंयुज बंध नसलेल्या दोन अणूंमध्ये प्रणाली जी रेघ ओढते ती स्यूडोबाँड. हायड्रोजन बंध त्यात आले. हीममधल्या लोहापासून हिस्टिडिनच्या नायट्रोजनपर्यंत जाणारी रेघही त्यातलीच. आपण दोन अणूंमधलं अंतर मोजायला ओढलेली रेघ त्यात येते, आणि साखळीचा जो तुकडा स्फटिकात दिसलाच नाही त्याची दोन टोकं जोडणारी तुटक रेघसुद्धा. ही शेवटची रेघ मला नेहमी थांबवते. तिथे अणू आहेत हे माहीत आहे, कुठे आहेत ते दिसलं नाही, आणि न दिसल्याची खूण म्हणून ती रेघ.

वर्गात हा शब्द मराठीत कसा सांगायचा? ‘छद्मबंध’ म्हटलं की मुलांच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही. ‘खोटा बंध’ म्हणणं अन्यायाचं, कारण हायड्रोजन बंध खोटा नाही. त्याच्या जोरावर डीएनएचे दोन धागे एकत्र राहतात. मी हे बोलत असताना त्याच मुलीनं शब्द दिला: ‘मानलेला बंध म्हणायचं का मॅडम? मानलेला भाऊ असतो तसा.’ याहून चांगला प्रतिशब्द मला शोधूनही मिळाला नसता. मानलेल्या भावाचं नातं खोटं नसतं, रक्ताचं नसतं इतकंच. आणि ते कुणीतरी मानलेलं असतं. कोणी मानलं, कशावरून मानलं, हा प्रश्न त्या शब्दातच येतो.

आता पत्त्याकडे वळते. गाइडचं सगळ्यात घडीव पान माझ्या मते हेच आहे: अणूचा पत्ता कसा लिहायचा. हिमोग्लोबिनच्या एका रचनेत साडेचार हजारांच्या आसपास अणू असतात. त्यांतला नेमका एक बोलवायचा तर त्याला पत्ता हवा. कायमेरात तो असा लिहितात: #०:६.बी@सीए. हॅशपुढे रचनेचा क्रमांक, कारण एका वेळी चार रचनाही उघडलेल्या असू शकतात. विसर्गासारख्या दोन टिंबांपुढे अमिनो आम्लाचा क्रमांक, टिंबापुढे साखळीचं अक्षर आणि ॲटच्या खुणेपुढे अणूचं नाव. शून्य क्रमांकाच्या रचनेत, बी साखळीतल्या सहाव्या अमिनो आम्लाचा अल्फा कार्बन. आपल्याकडे पत्ता घरापासून सुरू होतो आणि जिल्ह्यापाशी संपतो. इथे जिल्हा आधी आणि घर शेवटी. मधे एक गमतीदार उलटापालट आहे: साखळी मोठी आणि अमिनो आम्ल तिच्या पोटात, तरी अमिनो आम्ल आधी आणि साखळी मागून, जणू तालुक्याच्या आधी गाव सांगितलं. कायमेराएक्समध्ये ही घडी नीट केली आहे. तिथे तोच पत्ता #१/बी:६@सीए असा होतो: रचना, साखळी, अमिनो आम्ल, अणू, मोठ्याकडून लहानाकडे सरळ. रचनांची मोजणीही शून्याऐवजी एकापासून. जुन्याची सवय असलेल्या माझ्या बोटांना ते अजून जड जातं, पण नवी मांडणी जास्त सुसंगत आहे हे मान्य करायलाच हवं.

या पानावरचा खरा अर्थपूर्ण नियम पत्त्यातल्या रिकाम्या जागेचा आहे. पत्त्यातली जी पायरी तुम्ही गाळाल, तिथे ‘सगळे’ असा अर्थ घेतला जातो. नुसतं @सीए लिहिलं तर उघडलेल्या सगळ्या रचनांमधले सगळे अल्फा कार्बन. नुसतं :६ लिहिलं तर प्रत्येक साखळीतलं सहावं अमिनो आम्ल. मौनाला अर्थ देण्याची ही रीत सुंदर आहे आणि धोक्याचीही. मानवी हिमोग्लोबिनची ४एचएचबी ही रचना घ्या. तीत ए आणि सी या अल्फा साखळ्या, बी आणि डी या बीटा. नुसतं :६ म्हटलं की चार अमिनो आम्लं उजळतात: बीटामधली दोन ग्लुटामेट आणि अल्फामधली दोन ॲस्पार्टेट. दोन्ही आम्लं ऋणभाराची, दोन्हींच्या टोकाला दोन-दोन लाल ऑक्सिजन, अंगलटही जवळपास सारखी. घाईत पाहणाऱ्याला चारही एकच वाटतील.

जाता जाता एक जुनी गोष्ट. अणूंचे हे पत्ते ज्या फाइलींतून येतात त्या फाइली ठेवणाऱ्या प्रोटीन डेटा बँकेची सुरुवात १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत झाली. तेव्हा तिथे सात रचना होत्या. फाइलीचा साचा पंचकार्डाच्या काळातला: एका ओळीत ८० घरं आणि प्रत्येक घराला नेमलेलं काम. अणूचं नाव तेराव्या ते सोळाव्या घरात. त्यात सी आणि ए ही अक्षरं तेराव्या घरापासून आली तर तो कॅल्शियम आणि चौदाव्यापासून आली तर अल्फा कार्बन. एक मोकळं घर सोडलं की मूलद्रव्य बदललं! आम्हा मराठी माणसांना काना-मात्रेची सवय असल्यामुळे असेल, पण हे मला अजिबात परकं वाटत नाही.

असाच फरक घडवणारं एक टिंब रॅसमोलच्या मॅन्युअलमध्येही आहे. रॉजर सेल यांची ही छोटी प्रणाली १९९३ मध्ये सर्वांना खुली झाली आणि साध्या घरगुती संगणकावर रेणू फिरवून पाहणं त्यामुळे शक्य झालं. तिच्यात अंतर पूर्णांकात लिहिलं तर ते रॅसमोलच्या स्वतःच्या एककात धरलं जातं, अँगस्ट्रॉमच्या २५०व्या भागात. दशांशचिन्ह घातलं तर अँगस्ट्रॉममध्ये. ८ आणि ८.० यांत अडीचशे पटींचा फरक! ते मॅन्युअल फार कोरडं आणि फार प्रामाणिक आहे. त्याच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहायला हवं.

परत हिमोग्लोबिनकडे येते, कारण आमच्या वर्गात हा रेणू पुस्तकातून येत नाही, घरातून येतो. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर या पट्ट्यांत सिकलसेल घरोघरी माहीत आहे. सोल्युबिलिटी टेस्ट आणि इलेक्ट्रोफोरेसिस हे शब्द आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकाआधी सरकारी दवाखान्यात भेटतात. ‘एएस’ (वाहक) आणि ‘एसएस’ (रुग्ण) यांतला फरक त्यांना मला शिकवावा लागत नाही. लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये सिकलसेलला रेणूचा आजार म्हटलं. पुढे काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्राम यांनी दाखवलं की सगळा फरक बीटा साखळीतल्या एका अमिनो आम्लाचा आहे. सहाव्या जागी ग्लुटामेटच्या ऐवजी व्हॅलिन.

कायमेरात हा बदल करून पाहायची कमांड आहे ‘स्वॉपएए’. तिच्या पानावर सर्वांत वर एक ओळ असते, कमांड कशी लिहायची त्याची. चौकटी कंसात जे आहे ते गाळलं तरी चालतं, उभ्या रेघेनं तोडलेल्या पर्यायांतला एक घ्यायचा, तिरप्या अक्षरात जे आहे त्याच्या जागी आपलं मूल्य घालायचं. मग खाली दोन-तीन पडदे भरून तिचं विवरण. मला ही रचना पाहिली की सूत्र आणि त्याखालची वृत्ती आठवते. सूत्रात एक अक्षर जास्त नाही. वृत्ती मात्र शंका येईल त्या प्रत्येक ठिकाणी थांबते.

आणि शंका इथे येतेच. ग्लुटामेट काढून व्हॅलिन बसवायचं म्हणजे काय करायचं? व्हॅलिनची उपशाखा एका बंधाभोवती वळते आणि प्रथिनांत तिच्या मुख्यतः तीन ढबी आढळतात. त्यांना रोटामर म्हणतात. तीनांतली कोणती घ्यायची? पान सांगतं: हजारो ज्ञात रचनांतून गोळा केलेल्या डनब्रॅक यांच्या संग्रहातून ढबी घेतल्या जातात. निवडीचा नेहमीचा क्रम चार अक्षरांत लिहिलेला आहे: डी, सी, एच, पी. आधी प्रयोगातून मिळालेल्या घनतेच्या नकाशात कोणती ढब बसते ते पाहायचं. मग शेजाऱ्यांशी टक्कर कमी कुणाची. मग हायड्रोजन बंध जास्त कुणाचे. एवढ्यावरही बरोबरी सुटली नाही तर संग्रहात जास्त वेळा आढळणारी ढब. क्रम तुम्ही बदलू शकता. आणि या सगळ्यात साखळीचा कणा जागचा हलत नाही. बदलते ती फक्त उपशाखा.

हे शेवटचं कळलं तेव्हा मी खुर्चीत मागे टेकून बसले. याचा अर्थ असा की पडद्यावर व्हॅलिन बसलं म्हणजे सिकलसेलचं हिमोग्लोबिन पडद्यावर आलं असं नाही. कणा हलू न देता एक उपशाखा बदलली की काय दिसेल, एवढंच आपण पाहतो. माझ्या वर्गात मी अनेक वर्षं ‘हे बघा सिकलसेल’ असं म्हणत आले होते. प्रणालीनं मला तसं कधी सांगितलं नव्हतं. तसं मीच म्हणत होते. गाइडनं तर उलट प्रत्येक पायरीला सांगून ठेवलं होतं की आम्ही काय केलं आणि काय नाही.

प्रत्यक्ष सिकल हिमोग्लोबिनची स्फटिकरचना वेगळी आहे, २एचबीएस नावाची, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली. आता मी दोन्ही दाखवते. आधी ४एचएचबीमध्ये बदल करून: सहाव्या जागेवरची दोन लाल टोकं क्षणात नाहीशी होतात, त्यांच्या जागी व्हॅलिनचा आखूड, भाररहित दुफाटा उरतो. मुलांना हा क्षण दिसायलाच हवा. ऋणभार गेला हे वाक्य ऐकणं वेगळं आणि लाल रंग विझताना पाहणं वेगळं. मग २एचबीएस उघडायची. तीत दोन हिमोग्लोबिन शेजारी-शेजारी आहेत आणि एकाच्या बीटा साखळीतलं सहावं व्हॅलिन दुसऱ्याच्या बीटा साखळीतल्या खोबणीत शिरलेलं आहे, ८५वं फिनाइलअलॅनिन आणि ८८वं ल्युसिन यांच्या जवळ. व्हॅलिनचा पत्ता देऊन त्यापुढे ‘५ अँगस्ट्रॉमच्या आत’ ही खूण जोडली की हे शेजारी आपोआप उजळतात. इथेही एक बारीक भेद पत्त्याच्या पानावर दिलेला आहे: खुणेत ‘झेडए’ लिहिलं तर त्या परिघात येणारे अणूच निवडले जातात, ‘झेडआर’ लिहिलं तर एक अणू जरी परिघात आला तरी त्याचं अख्खं अमिनो आम्ल येतं. पहिल्यानं शेजाऱ्याचा हात दिसतो, दुसऱ्यानं शेजारी दिसतो. मी वर्गात आधी पहिला देते, मग दुसरा.

आता सहा या आकड्याचा फास. मागच्या वर्षी एका मुलानं स्वॉपएए लिहिताना सहाऐवजी सात घातलं. चूक त्याची नव्हती. त्यानं वाचलेल्या नव्या जनुकीय लेखनात तो बदल सातव्या जागेवरच दाखवला होता. तिथे मोजणी जनुकातल्या पहिल्या मिथिओनिनपासून होते. प्रथिन तयार होताना तो मिथिओनिन कापला जातो, म्हणून जुन्या मोजणीत तीच जागा सहावी ठरते. आणि योगायोग असा की बीटा साखळीत सहावं आणि सातवं ही दोन्ही ग्लुटामेटच आहेत. त्यामुळे सातवर कमांड चालवली तरी दोन लाल टोकं नाहीशी झाली, व्हॅलिन उमटलं, पडदा तसाच दिसला. प्रणालीनं तक्रार केली नाही, करायचं कारणच नव्हतं. गाइडनं आधीच सांगितलं आहे की पत्त्यातला क्रमांक हा फाइलीत जो लिहिलेला आहे तोच. त्या क्रमांकाचा जनुकाशी काय संबंध, ते तुम्ही पाहायचं. आम्ही दोघांनी मिळून फाइल साध्या मजकुरासारखी उघडली आणि बी साखळीच्या ओळी बोट ठेवून वाचल्या: व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामेट, ग्लुटामेट. सातच्या बोटाखाली चुकीचं ग्लुटामेट होतं.

गाइडमधलं आणखी एक पान असंच हाताशी ठेवण्याजोगं आहे, अणूंच्या त्रिज्यांचं. क्ष-किरणांनी काढलेल्या बहुतेक प्रथिनरचनांत हायड्रोजन दिसत नाहीत. मग कार्बनचा गोळा काढताना त्याच्या अंगचे न दिसणारे हायड्रोजनही त्याच गोळ्यात धरावे लागतात. म्हणून हायड्रोजन नसलेल्या फाइलीत चार बंधांच्या कार्बनची त्रिज्या १.८८ अँगस्ट्रॉम. हायड्रोजन जोडण्याची कमांड दिली की तोच कार्बन १.७० वर येतो. आपल्या पोटातली लेकरं बाहेर आली की अंग हलकं व्हावं, तसं. हा बदल पडद्यावर इतका हळुवार असतो की पान वाचलं नसतं तर मला तो कधीच दिसला नसता.

बाकीच्या पानांपाशी फार थांबत नाही. गाइडमधला पहिला पाठ दोन प्रकारे लिहिला आहे, एकदा मेनूतून जाणारा आणि एकदा कमांडनं जाणारा, आणि दोन्ही एकाच रचनेवर चालतात. नव्या विद्यार्थ्याला मी नेहमी दोन्ही करायला लावते. कमांडांची सूची अकारविल्हे आहे, प्रत्येकीपुढे एका ओळीत तिचं काम. ती सूची सलग वाचून पाहावी. बरीचशी क्रियापदं आहेत: फिरव, वळव, झुलव, थांबव, दाखव, रंगव, जोड, तोड. बऱ्याच कमांडांपुढे एक तरंगतं चिन्ह लावलं की तिचा अर्थ उलटतो, दाखवचं लपव होतं.

रिबनचं पान मात्र उघडतेच प्रत्येक वर्षी. पडद्यावर वळत जाणारी ही चपटी फीत आज आपल्याला प्रथिनाचं रूपच वाटते, पण तिचं हे रूप रुजवलं जेन रिचर्डसन यांनी, हातानं काढलेल्या चित्रांतून, १९८१च्या त्यांच्या प्रसिद्ध लेखात. कुठे सर्पिल आणि कुठे पट्टी हे प्रणाली फाइलीतल्या नोंदीवरून घेते. नोंद नसली तर कॅबश आणि सँडर यांच्या पद्धतीनं स्वतः काढते, उणे ०.५ किलोकॅलरी प्रति मोल ही सीमा धरून. इथेही तेच. फीत कुठे रुंदावते, कुठे बारीक होते, त्यामागे एक आकडा आहे आणि तो पानावर लिहिलेला आहे.

दोष? आहेत. एका पानातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात नेणारे दुवे इतके आहेत की नवखा वाचक मूळ प्रश्न विसरून जातो. जीवशास्त्र येतं असं ही पानं गृहीत धरतात. ‘मॉडेल’ हा शब्द उघडलेल्या प्रत्येक गोष्टीसाठी वापरल्यामुळे मुलं गोंधळतात. पण माझी मोठी खंत भाषेची आहे. धडगावच्या त्या मुलीची घरची बोली पावरी, शाळेची मराठी, आणि इंग्रजी तिसरी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात जेमोल या दुसऱ्या रेणुदर्शक प्रणालीवर पाठमाला आहे, आणि त्या प्रकल्पातले पाठ मराठीसह भारतीय भाषांत आणले जातात. ते काम मोलाचं आहे. पण पाठ ऐकणं आणि अडलेल्या क्षणी उघडून एका कमांडचा नेमका नियम वाचणं, ही दोन वेगळी कामं. दुसऱ्या कामासाठी लागतं ते कोरडं, नेमकं, पदर न सोडणारं गद्य. मराठीत ते होऊ शकतं. ‘मानलेला बंध’ असा शब्द आमच्या बाकावरून उठत असेल तर का होणार नाही?

या सत्राच्या प्रॅक्टिकल जर्नलात तिनं हिमोग्लोबिनचं चित्र चिकटवलं आहे. रंगीत प्रिंट शहरातून काढून आणली होती. चित्राखाली नाव लिहायला सांगितलं होतं, बाकीच्यांनी ‘सिकलसेल हिमोग्लोबिन’ असं लिहिलं. तिनं पेन्सिलीनं सहा ओळी लिहिल्या आहेत: रचना ४एचएचबी, स्फटिकातली. बी आणि डी साखळीत सहाव्या जागी व्हॅलिन आपण घातलं, स्वॉपएएनं, कणा न हलवता. क्रमांक फाइलीतले. रंग आपण दिलेले. हायड्रोजन दिसत नाहीत म्हणून कार्बन मोठे. निळ्या रेघा मानलेल्या, ०.४ आणि २० ची सूट धरून.